आबासाहेब गणपतराव देशमुख: अकरा वेळा आमदार झालेल्या माणसाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगोल्याबाहेरच्या लोकांना, खास करून नवीन पोरांना, आबांबद्दल दोनच गोष्टी माहीत असतात, एक म्हणजे ११ वेळा आमदार आणि दुसरी म्हणजे एसटीने फिरायचे. दोन्ही खऱ्या आहेत, पण तेवढ्यावर थांबलं तर मुख्य काम राहूनच जातं. म्हणून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र घेतलेत. काही उत्तरं मोठी झालीत, कारण विषयच तसा आहे.

गणपतराव देशमुख म्हणजे नक्की कोण?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाचे शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे आमदार. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील, सांगोल्यात वकिली करत करत राजकारणात आले आणि तिथलेच झाले. भागात सगळे त्यांना आबा किंवा आबासाहेब म्हणायचे. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची नव्वदी कधीच ओलांडली होती.

११ वेळा म्हणजे कोणकोणत्या वर्षी?

१९६२, १९६७, १९७४ (ही पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. अकराच्या अकरा वेळा मतदारसंघ सांगोला आणि पक्ष शेकाप.

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, आणि १९६२ ची निवडणूक ही नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक. म्हणजे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना हा माणूस पहिल्यांदा सभागृहात बसला आणि शेवटची टर्म संपली तेव्हा देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते. आत्ताचं नरिमन पॉइंटचं विधानभवन सुरू झालं १९८१ ला, तोपर्यंत आबांच्या चार निवडणुका आणि एक पोटनिवडणूक जिंकून झाली होती.

५४ वर्षं आमदार, ५५ वर्षं आमदार असं कुठेकुठे लिहितात, खरं किती?

सरळ बेरीज करा ना. १९६२ ते ७२ ही १० वर्षं, १९७४ ते ९५ ही साधारण २१ आणि १९९९ ते २०१९ ही २०. म्हणजे ५० च्या आसपास येतं. १९६२ ते २०१९ हा सगळा पट ५७ वर्षांचा आहे पण मध्ये दोन गॅप आहेत, ते वजा न करता आकडा फिरत राहिला की असं होतं. सभागृहात पन्नास वर्षं ही गोष्टच एवढी मोठी आहे की वाढवून सांगायची काही गरज नाही.

देशातला विक्रम त्यांच्याच नावावर आहे ना?

महाराष्ट्रातला आहे, त्यात वाद नाही. देशातला म्हणताना मात्र जरा जपून. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळात के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा आणि ओमन चांडी पुथुपल्लीतून सलग १२ वेळा. त्यामुळे "देशात सर्वाधिक" असा मजकूर फॉरवर्ड करू नका, कोणीतरी केरळचा माणूस बरोबर पकडतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा निवडून आले, पण ते शिवसेना, काँग्रेस, भाजप असा प्रवास करत. एकच जागा, एकच पक्ष आणि ११ विजय हे राज्यात दुसऱ्या कोणाचं नाही.

कधी हरलेच नाहीत का?

दोनदा हरले. १९७२ ला काँग्रेसकडून आणि १९९५ ला परत काँग्रेसकडूनच, तेव्हा समोर शहाजीबापू पाटील होते आणि फरक फक्त १९२ मतांचा. दोन्ही वेळा आबा घरी बसले नाहीत, ७४ ला पोटनिवडणूक जिंकली आणि ९९ ला पुन्हा आले.

१९७२ च्या पराभवाबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. ७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या आठवणीतला सगळ्यात वाईट दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, गुरं वाटेल त्या भावात विकणं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने पाहिलंय. आणि नेमक्या त्याच काळात आबा सभागृहाबाहेर होते, गावोगाव लोकांमध्येच होते. पुढे आयुष्यभर त्यांनी जे दोन विषय धरून ठेवले, पाणी आणि रोजगार हमी, ते दोन्ही थेट त्या दुष्काळाचेच प्रश्न आहेत.

पक्ष का बदलला नाही? ऑफर आल्या नसतील का?

शेकाप हा १९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढलेला पक्ष, शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे. डाव्या विचारांचा, लाल बावट्याचा, शेतकरी आणि कामगार यांचा. १९६२ ला विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते, २०१४ ला आबांना धरून ३ राहिले. म्हणजे ५० वर्षं पक्ष हळूहळू आटत चालला होता आणि हे तिथेच थांबले.

यात नुसती निष्ठा नाही बघायची, काय गमावलं तेही बघा. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर मंत्रिपदं, कारखाने, जिल्ह्यावरचा होल्ड, सगळं मिळालं असतं. ते न घेता विरोधी बाकावर बसून तालुक्याची कामं करून घ्यायची म्हणजे दरवेळी मंत्र्यांच्या केबिनमध्ये स्वतःच्या शब्दाच्या वजनावर जायचं. आणि ते वजन होतं, कारण समोरच्याला माहीत असायचं की हा माणूस स्वतःसाठी काही मागायला आलेला नाही.

मग मंत्री झाले की नाही?

दोनदा. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारमध्ये, ते सरकार फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. दुसऱ्यांदा १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारमध्ये, तेव्हा पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. २००२ ला शेकाप त्या सरकारमधून बाहेर पडला आणि मंत्रिपद गेलं. शिवाय १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. बाकी सगळी वर्षं साधे आमदार.

सांगोल्याच्या पाण्यासाठी त्यांनी नक्की काय केलं?

हा खरा प्रश्न आणि याचं उत्तर दोन ओळीत होत नाही.

आधी भूगोल समजून घ्या. सांगोला पर्जन्यछायेत येतो, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही नशिबात असेल तर. माण नदी तालुक्यातून जाते पण वर्षातला बराच काळ ती वाळूचीच असते. पश्चिमेला कृष्णेचं खोरं, तिकडे धरणं भरलेली, उत्तरेला भीमेवर उजनी, आणि मधला हा उंचावरचा पट्टा कोरडा. सांगोला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, माण, सगळे एकाच दुखण्याचे तालुके. कालवा काढून पाणी उताराने येईल असं इथे बहुतेक ठिकाणी शक्यच नाही, पाणी उचलून आणायला लागतं, म्हणजे पंप, वीज आणि पैसा.

नीरा उजव्या कालव्याचं पाणी सांगोल्याला आहे, पण सांगोला टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वीर धरणातून सुटलेलं पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर करत करत शेवटी इथे यायचं, आणि ज्याने टेलला शेती केलीये त्याला विचारा शेवटच्या चारीत किती पाणी पोचतं ते. वरच्या भागातले लोकं काही दुष्ट नसतात, पण पाणी दारातून जात असताना कोण सोडतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या प्रत्येक पाळीला, भांडायला लागायचं, अधिकाऱ्यांकडे, कालवा सल्लागार समितीत, सभागृहात, आणि हे भांडण दरवर्षी नव्याने. पाच वर्षांत बदलून जाणाऱ्या आमदाराला हे कळेपर्यंतच टर्म संपते. आबांना कोणत्या फाट्याला किती पाणी मंजूर आहे आणि किती आलं हे तोंडपाठ असायचं, आणि समोर नवीन इंजिनिअर आला की त्यालाच ते समजावून सांगायचे.

दुसरा भाग म्हणजे कृष्णेचं पाणी. १९९३ पासून आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद भरायला लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव आबा ही त्यामागची मुख्य माणसं. सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांतले दुष्काळी तालुके एकत्र आणले, आणि मागणी नुसती "आम्हाला पाणी द्या" अशी नव्हती तर समान पाणीवाटपाची होती, म्हणजे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त असं नाही, प्रत्येक कुटुंबाला हक्काचं पाणी. त्या काळात हे बोलणंसुद्धा धाडसाचं होतं कारण बागायती पट्ट्यातले पुढारी ऐकायला तयार नव्हते.

त्यात कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाची ३१ मे २००० ही तारीख डोक्यावर होती, तोपर्यंत महाराष्ट्राने आपल्या वाट्याचं कृष्णेचं पाणी अडवलं नाही तर पुढे वाटा अडचणीत येईल ही भीती होती. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, रोखे काढून पैसा उभा केला, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना गती आली. टेंभू म्हणजे कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणायचं. कागदावर सोपं वाटतं, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं निधी नाही, मग पंप आहेत तर कालवा अर्धवट, कालवा आहे तर वीजबिल थकलेलं म्हणून पंप बंद. शेवटी वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचा असं सूत्र ठरलं तेव्हा कुठे योजना नियमित चालायची शक्यता निर्माण झाली.

आता बघा, १९९३ ची पहिली परिषद आणि सांगोल्याच्या शिवारात टेंभूचं पाणी दिसणं यात किती वर्षं गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की दुष्काळी भागाचे प्रश्न वीस-तीस वर्षांचे असतात आणि आमदारकी पाच वर्षांची, त्यामुळे कोणीतरी एक माणूस फाईल न सोडता मागे उभा राहायला लागतो. आबांच्या ११ टर्मचं मोल मला यात दिसतं.

रोजगार हमी योजनेशी त्यांचा काय संबंध?

रोजगार हमीचे जनक वि. स. पागे, हे श्रेय त्यांचंच. कायदा १९७७ ला मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आबा ७४ च्या पोटनिवडणुकीतून सभागृहात परत आलेले होते, त्यामुळे कायदा झाला तेव्हा ते तिथे होते, आणि वीस वर्षांनी त्याच खात्याचे मंत्री झाले. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ चा, म्हणजे महाराष्ट्र पाव शतक पुढे होता.

या योजनेची एक शाखा सांगोल्याच्या फार कामी आली, ती म्हणजे १९९० पासूनची रोहयोशी जोडलेली फळबाग लागवड. खड्डे घ्यायला, रोपं लावायला, पहिली काही वर्षं झाडं जगवायला सरकार पैसे देणार आणि मजुरी शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात मिळणार. ज्या माळावर बाजरीसुद्धा धड येत नव्हती तिथे बोर आणि डाळिंब आलं, कमी पाण्यावर, ठिबकवर. आबांनी ही योजना तालुक्यात वाडीवस्तीपर्यंत नेली. पुढे सांगोल्याचं डाळिंब एवढं वाढलं की डिसेंबर २०२० ला देशातली १०० वी किसान रेल सांगोल्यातून सुटली, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारपर्यंत. जिथली माणसं एकेकाळी ऊसतोडीला आणि मुंबईला जायची तिथून माल भरून रेल्वे निघाली.

पुढे डाळिंबावरच्या तेल्या रोगाने आणि नंतर पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीने बागांच्या बागा गेल्या, लोकांनी डोळ्यादेखत झाडं उपटून बांधावर टाकली, हेही सांगायला हवं. तो वेगळा विषय आहे आणि अजून संपलेला नाही.

सांगोल्यात कापूस पिकत नाही, मग सूतगिरणी कशी?

कापूस बाहेरून आणायचा, सूत काढायचं, विकायचं. शेतकरी सहकारी सूतगिरणी आबांनी उभी केली ती तालुक्यातल्या पोरांना रोजगार मिळावा म्हणून, नंतर महिलांचीही सूतगिरणी काढली. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या भागभांडवल घेऊन बंद पडल्या, सांगोल्याची चालू राहिली. कारण एकच सांगतात सगळे, कारभारात काटकसर आणि नोकरभरतीत वशिला नाही. आबांचे अंत्यसंस्कारही सूतगिरणीच्याच आवारात झाले.

एसटीने फिरायचे हे खरंच का?

हो खरंच. जुन्या एसटीत पुढच्या एका सीटवर आमदार-खासदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असायचं, बहुतेकांनी त्या सीटवर आयुष्यात कधी आमदार बसलेला बघितला नसेल. आबा बसायचे. मुंबईला अधिवेशनाला जातानाही एसटी नाहीतर रेल्वे, आणि मुक्काम आमदार निवासात.

त्याचा उपयोग काय होता तेही बघा. एसटीत बसलेल्या आमदाराला कोणीही येऊन बोलू शकतं, पीए नाही, काच खाली करायची वाट बघणं नाही. रेशनचं, पेन्शनचं, पोराच्या दाखल्याचं काम प्रवासातच सांगितलं जायचं. साधेपणा म्हणून कौतुक सगळे करतात पण हा जनसंपर्काचा भाग लोक विसरतात.

सभागृहात ते काय करायचे? गोंधळ घालणाऱ्यांपैकी होते का?

नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अर्थसंकल्पावर भाषण, ही जी आमदाराची खरी हत्यारं आहेत ती ते वापरायचे. आवाज चढवायचे नाहीत, तयारी करून यायचे, आणि मंत्र्याने उत्तर दिलं की त्याच विषयावर आधीच्या सरकारने काय आश्वासन दिलं होतं ते काढून दाखवायचे. सभागृहाची एवढी लांब आठवण असलेला दुसरा माणूस नव्हता. २०१२ ला त्यांच्या विधिमंडळ कारकिर्दीला ५० वर्षं झाली म्हणून सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून त्यांचा गौरव केला.

जातीच्या मतांवर निवडून यायचे असं काही लोक म्हणतात.

आबा धनगर समाजाचे होते आणि सांगोल्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे, हे खरं. समाजाचा आधार होता हेही खरं. पण एका समाजाच्या मतांवर ११ वेळा निवडून येता येत नाही, विशेषतः असल्या मतदारसंघात जिथे दुसऱ्या बाजूलाही तगडी मतं आहेत आणि निवडणूक १९२ मतांनी इकडची तिकडे होते. २०१४ ला वयाच्या ८८ व्या वर्षी, शिवसेनेकडून लढणाऱ्या शहाजीबापूंना त्यांनी २५ हजारांच्या वर मतांनी हरवलं, तेही सगळे मोठे पक्ष स्वबळावर लढत असताना. ती मतं सगळ्या वाड्यावस्त्यांवरून आली.

काही टीका करण्यासारखं नाहीच का?

आहे. मोठे उद्योग तालुक्यात आले नाहीत, शिकलेली पोरं अजून पुण्याला जातात. पाण्याला फार उशीर झाला, त्याचा दोष एका आमदारावर टाकता येत नाही पण लोकांची एक पिढी त्यात गेली. आणि पक्ष म्हणून शेकाप सांगोला आणि रायगडच्या बाहेर वाढवता आला नाही, ही मला सगळ्यात मोठी कमी वाटते. एवढा शब्दाचा माणूस असताना दुसऱ्या तालुक्यात दुसरा आबा तयार झाला नाही.

२०१९ ला का लढले नाहीत आणि पुढे काय झालं?

वय आणि तब्येत. कार्यकर्ते आग्रह करत होते, आबांनीच थांबायचं ठरवलं. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले, शहाजीबापू पाटील शिवसेनेकडून आमदार झाले, तेच जे २०२२ ला "काय झाडी, काय डोंगार" मुळे राज्यभर गाजले. २०२४ ला आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच लढले आणि सुमारे २५ हजारांनी जिंकले. त्या निवडणुकीत राज्यात शेकापची निवडून आलेली ही एकमेव जागा.

मग ही घराणेशाहीच झाली की?

प्रश्न योग्य आहे. आबा स्वतः असताना घरातल्या कोणाला पुढे केलं नाही, उमेदवारी आली ती त्यांनी थांबायचं ठरवल्यावर. तरी आडनावाचा फायदा मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांना लोकं आता पाण्याच्या आवर्तनावरच मोजणार, आणि मोजायलाच हवं.

आबांच्या पुतळ्याच्या कार्यक्रमाला शरद पवार आणि फडणवीस एकत्र होते हे खरं का?

हो, ऑगस्ट २०२३, सांगोल्यात. राष्ट्रवादी फुटून दीडच महिना झाला होता, तरी दोघं एका स्टेजवर आले.

त्यांची भाषणं वाचायची असतील तर?

विधानसभेची कार्यवाही छापली जाते आणि विधानमंडळाच्या ग्रंथालयात ती मिळते, बराच भाग विधानमंडळाच्या वेबसाईटवरही टाकलेला आहे. शोधताना नुसतं नाव टाकू नका, हजारो पानं निघतील. रोजगार हमीसाठी १९७७ च्या कायद्यावरची चर्चा आणि १९९९ ते २००२ चा मंत्रिपदाचा काळ बघा, पाण्यासाठी १९९९ नंतरची जलसंपदा खात्याच्या मागण्यांवरची भाषणं बघा. एमपीएससी करणाऱ्यांनी तर नक्की बघावी, उपसा सिंचन योजना कशी अडते हे पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळतं.